मदतनीस आणि लेखनिक

परीक्षागृहात अंध विद्यार्थ्याच्या शेजारी बसलेला लेखनिक आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. आपल्यापैकी अनेकांनी पर्यवेक्षक म्हणून त्याला ताकीदही दिलेली असेल, की बाबा रे, तो सांगेल तेच लिही, पदरचे काही घालू नकोस. ही ताकीद वाटते तितकी साधी नाही. परीक्षार्थी एखादे साल चुकीचे सांगतो, लेखनिकाला बरोबर साल ठाऊक असते, आणि तरीही त्याने चुकीचेच साल सुवाच्य अक्षरात लिहायचे असते. स्वतःचे ज्ञान त्याने तीन तास मिटून ठेवायचे. तरी तो यंत्र नसतो. प्रश्नपत्रिका स्वच्छ उच्चारात वाचणे, सांगणाऱ्याच्या गतीशी आपली गती जुळवणे, मागितले की मागचा परिच्छेद वाचून दाखवणे, वेळ सांगणे ही सगळी कौशल्याची कामे आहेत. उत्तरपत्रिका मात्र अखेर परीक्षार्थ्याची असते आणि गुणही त्याचेच. ‘हा परावलंबी आहे, याने पेपर दुसऱ्याकडून लिहून घेतला’ असे कोणी म्हणत नाही.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे, की हे नाते परीक्षागृहाबाहेर कसे असावे याचा विचार मराठी वाङ्मयाने फारसा केलेला नाही. तो न केल्यामुळे आपल्या अवतीभोवती राहणाऱ्या अनेक माणसांचे रोजचे जगणे आपल्याला दिसतच नाही.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला थोडाफार आहे. एम. ए. करीत असताना दोन वर्षे मी नागपुरात असे काम केले. स्नायूंच्या विकाराने हातापायांतले बळ गेलेले एक गृहस्थ तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहात. ते नोकरी करीत, आणि सकाळी सहा ते नऊ व रात्री एक तास मी त्यांच्याकडे जाई. त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचे, शौचाला न्यायचे, आंघोळ, दाढी, कपडे, चहा, डबा, आणि शेवटी ठरलेल्या ऑटोत बसवून द्यायचे. मी त्यांना दादा म्हणत असे. सुरुवातीला काका म्हणालो होतो, ते त्यांनी हाणून पाडले.

कामाचे तंत्र महिन्याभरात आले. माणसाला उचलताना आपल्या कमरेवर भार न घेता गुडघ्यात वाकावे, त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यावर येऊ द्यावेत, आणि ‘उचलू का?’ असे विचारून त्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय हलू नये. या ‘हं’मध्ये सगळे शास्त्र आहे, हे कळायला मात्र वर्ष लागले.

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे वाचकांना सांगायला नको. सायंकाळी सहालाही रस्ता तव्यासारखा तापलेला असतो आणि जुनी माणसे खिशात कांदा ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. दादांना त्या दिवशी एका काव्यवाचनाला जायचे होते. आदल्या आठवड्यात त्यांना ताप येऊन गेला होता. मी परस्पर ऑटोवाल्याला निरोप दिला, की आज येऊ नको. संध्याकाळी कपडे करून दादा वाट पाहात बसले, आणि मग मी सांगितले. माझी अपेक्षा होती की ते माझ्या काळजीचे कौतुक करतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू मला उचलतोस, ठीक आहे. माझा दिवसही उचलून ठेवू नकोस. लू लागली असती तर मला लागली असती ना? मग कांदाही माझ्याच खिशात राहू दे.”

परीक्षागृहातल्या भाषेत सांगायचे, तर मी बरोबर साल लिहिले होते आणि पेपर माझा करून टाकला होता.

दुसरा प्रसंग पैशांचा. दादा दर एक तारखेला पाकीट देत आणि माझ्यासमोर नोटा मोजत. एका महिन्यात त्यांच्यावर औषधांचा मोठा खर्च आला. मी उदार मनाने म्हणालो, “या महिन्याचे राहू द्या. मी काही पैशासाठी येत नाही.” ते म्हणाले, “पैशासाठीच येत जा. तू फुकट करायला लागलास, की उद्या मला तुझं ऐकावं लागेल.” तेव्हा मी मनातून दुखावलो होतो. आज मला वाटते, की या क्षेत्रावर लिहिल्या गेलेल्या अनेक अहवालांचे सार त्या एका वाक्यात होते. पगारामुळे माझी उपजीविका चालत होती, आणि त्याच पगारामुळे त्यांचे ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य शाबूत राहात होते.

‘स्वतंत्रपणे जगणे’ या शब्दप्रयोगाचा आपण लावतो तो अर्थ इथे अपुरा पडतो. मराठी मनात स्वातंत्र्याच्या शेजारी स्वावलंबन बसलेले आहे. स्वतःचे ताट स्वतः धुवावे, स्वतःचे ओझे स्वतः वाहावे, हे आपल्याकडच्या शिक्षणाचे आणि समाजसुधारणेचे बाळकडू. ते मोलाचे आहे यात शंका नाही. पण ज्याला ताट उचलताच येत नाही त्याला या व्याख्येत स्वातंत्र्याची जागाच उरत नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा तरुण १९६२मध्ये बर्कली विद्यापीठात दाखल झाला. पोलिओमुळे त्याला मानेखाली जवळजवळ हालचाल नव्हती आणि रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसात झोपावे लागे. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या खटपटीतून १९७२मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवनाचे पहिले केंद्र उभे राहिले. त्या चळवळीने स्वातंत्र्याची व्याख्या बदलली. किती गोष्टी स्वतःच्या हाताने करता येतात यापेक्षा मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यायची हे कोण ठरवते, यावर स्वातंत्र्य मोजावे, असे तिने सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क संहितेत एकोणिसावे कलम याच अर्थाचे आहे. भारताने ती संहिता २००७मध्ये मान्य केली. त्यानंतर आलेल्या २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क सांगितला, ‘अधिक साहाय्याची गरज’ ही संकल्पना आणली, आणि काळजीवाहकाची व्याख्याही केली. पैसे घेऊन वा न घेता काळजी, आधार किंवा मदत देणारी कोणीही व्यक्ती, मग ती घरातली असो वा बाहेरची, त्या व्याख्येत बसते. लेखनिकाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लिहिताना हाताला वांब येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये ठरवले आणि अपंगत्वाची टक्केवारी ही त्या हक्काची पूर्वअट नाही, असेही स्पष्ट केले.

कायदा असा पुढे गेला. भाषा आणि वाङ्मय कुठे आहेत?

भाषेपासून सुरुवात करू. अपंग, विकलांग, दिव्यांग या विशेषणांवर आपण पुष्कळ वाद घातले. २०१५च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द देशाच्या पंतप्रधानांनी सुचवला, आणि २०२२मध्ये महाराष्ट्राने त्याच नावाचे स्वतंत्र खातेही सुरू केले. त्या शब्दावर अनेक अपंग कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे, कारण तो माणसाला वरच्या आसनावर बसवतो आणि जिना मात्र तसाच ठेवतो. पण मदत करणाऱ्याच्या नावावर कधी वाद झाल्याचे स्मरत नाही. नागपुरात धंतोलीसारख्या भागात रुग्णालयांची दाटी आहे. तिथून माणूस घरी आला, की ब्युरोला फोन जातो आणि बारा तासांच्या ड्यूटीवर कोणीतरी येते. ती ‘मावशी’ किंवा ‘बाई’ असते, तो ‘मुलगा’ किंवा ‘भाऊ’ असतो. मोठ्या घरांतून ‘अटेंडंट’. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘सेवक’, ‘परिचारक’. यातल्या एकाही शब्दात कामाचे खरे स्वरूप नाही. नात्याचे शब्द पगार झाकतात आणि सेवेचे शब्द निर्णय कोणाचा हे झाकतात.

एक शब्द मात्र आपल्याकडे पडून आहे, तो म्हणजे ‘मदतनीस’. फडणीस, चिटणीस या शब्दांतला ‘नीस’ फारसी ‘नवीस’पासून आला, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. मदतनीस त्याच घाटावर घडलेला शब्द आहे. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसेलही, पण मला त्यात परीक्षागृहातला लेखनिक दिसतो. दुसऱ्याने सांगितलेले आयुष्य जो आपल्या हाताने उतरवून देतो, तो मदतनीस. आज हा शब्द आपण मुख्यतः अंगणवाडीतल्या बाईंसाठी वापरतो आणि तिला मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतो. मान आणि धन हे दोन्ही शब्द एकत्र आले, की बहुधा दोन्ही कमीच मिळतात.

आता वाङ्मयाकडे वळू. नागपूरच्या महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५मध्ये रंगभूमीवर आले. आपण ते वर्गात शिकवतो, तेव्हा वऱ्हाडातल्या देशमुखी-देशपांडेपणाचा ऱ्हास, अंगणातला गंजलेला ट्रॅक्टर, भास्कर आणि सुधीर यांच्यातला ताण, प्रभाचे जळून गेलेले शिक्षण यांवर बोलतो. चंदूवर किती बोलतो? घरातली अंगमेहनत चंदूच्या वाट्याला आहे. खाटेला खिळून वेळ विचारत राहणाऱ्या दादीचे घरातल्या कोणाला ओझे वाटते, कोणाला विसर पडतो. चंदू हा त्या घरातला बिनपगारी गडी आहे आणि त्याची जखमही कोणाच्या खिजगणतीत नाही. एलकुंचवारांनी हे निष्ठुरपणे दाखवले, हे त्यांचे मोठेपण. आपण समीक्षकांनी मात्र चंदूला साधुत्वाकडे ढकलले. सोसणारा माणूस दिसला, की त्याला संत म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी युक्ती आहे. चंदूच्या जागी पगारी माणूस असता तर दादीला कसे वाटले असते, हा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, “तिने वेळ विचारली असती आणि त्याने सांगितली असती.” वर्ग हसला. मला ते उत्तर अजून हसण्यासारखे वाटत नाही.

जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद बच्चू आणि त्याचे आईवडील आहेत. नाटकाचे नावच सांगते, की काळजीचा सगळा भार रक्ताच्या नात्यांवर आहे. आपल्यानंतर याचे काय, ही त्या घरातली भीती आजही असंख्य घरांत जशीच्या तशी आहे. नाटक ती भीती प्रामाणिकपणे मांडते. तरीही नाटकाबाहेर आल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याला आईवडिलांचे दुःख समजले, बच्चूला काय हवे होते हे विचारायचे राहून गेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताला हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा सांभाळते. परकी, गरीब, वेगळी भाषा बोलणारी बाई एका अनोळखी म्हाताऱ्याला जवळ करते, हे दृश्य विसरण्यासारखे नाही. पण तिथेही सांभाळण्याची प्रतिमा मातृत्वाचीच आहे. मदत करणारी बाई आई झाली, की मदत घेणाऱ्याला मूल व्हावे लागते. उलट संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये रुग्णालयातली समाजसेविका आसावरी ही पगारी कर्मचारी आहे, आणि चित्रपटाचा पेच नेमका आपल्या विषयाचा आहे. डोळे जाणार आहेत हे त्या लहान मुलाला सांगायचे की नाही? ज्याचे डोळे आहेत त्याला कळलेच पाहिजे, या आग्रहाभोवती सगळी गोष्ट फिरते. म्हणून मला ‘श्वास’ करुणेच्या चित्रपटांपेक्षा वेगळा वाटतो.

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन याच्या पलीकडचे आहे, कारण तिथे खुर्चीत बसलेली व्यक्तीच बोलते. पण खुर्ची ढकलणाऱ्याचे आत्मकथन मराठीत कुठे आहे? दलित आत्मकथनांनी अंगमेहनतीच्या आणि दुसऱ्याची घाण उपसण्याच्या कामाला शब्द दिले. परक्याच्या देहाची घाण धुण्याच्या कामाभोवती जातीची रेषा कशी फिरते, हे त्या वाङ्मयाने शिकवले. तीच रेषा आज ब्युरोच्या रजिस्टरातून जाते. मी ते काम करीत होतो तेव्हा माझ्या ओळखीचे लोक विचारत, “हे काम तू करतोस?” त्यातल्या ‘तू’वरचा जोर मला नीट ऐकू येई.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सेवाभावाची एवढी थोर परंपरा आपल्या विदर्भात असताना तिला पगार आणि करार यांच्या मापाने का मोजता? वरोऱ्याचे आनंदवन नागपूरपासून किती दूर? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करणाऱ्या बाबा आमट्यांनी दयेवर नव्हे तर श्रमावर आपले काम उभे केले. समाजाने बाहेर टाकलेल्यांनी स्वतःच्या कष्टाने गाव वसवले. त्या उत्तराची थोरवी निर्विवाद आहे. पण बाबांच्याच उत्तरायुष्याकडे पाहा. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसता येत नसे, एक तर उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. १९८५-८६च्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते. त्या प्रवासात त्यांना कितीतरी हात लागले असतील. कोणी त्यांना परावलंबी म्हटले का? यात्रा कोणाची होती याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, म्हणून मदतीने त्यांचे काहीच उणे झाले नाही. तीच नि:शंकता एखाद्या अनाम कारकुनाला दोन खोल्यांत मिळावी, एवढीच मागणी आहे.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो आणखी मागे, ऋद्धिपुरात सापडतो. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यांसह शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिली. म्हाइंभटांनी लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात हे राऊळ मनाला येईल तिथे जातात, मनाला येईल ते खातात, खेळतात, रुसतात. गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात. शिष्य त्यांच्या मागून चालतात, स्वयंपाक करतात, राखण करतात, पण त्यांना वळण लावायला जात नाहीत. एकदा राऊळांच्या मनात लग्न करावे असे आले. कोणी समजूत घातली नाही, लग्नाचा थाट मांडला, आणि त्या प्रसंगी महदाइसेने धवळे गायिले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिला शिकवतो, तिची रचना एका ‘वेड्या’ माणसाची इच्छा गांभीर्याने घेतली गेली म्हणून जन्माला आली. त्या मंडळींनी हे समतेच्या तत्त्वासाठी केले नाही. राऊळ त्यांच्या लेखी परमेश्वर होते. पण एखाद्याची इच्छा मोडून न काढता तिच्याभोवती घर कसे चालवता येते, याचे चित्र तेराव्या शतकातल्या मराठी गद्याने रेखून ठेवले आहे. परमेश्वर नसलेल्यांसाठी तेच करणे, हे आपल्यापुढचे काम.

ते न केल्यास काय होते, याचे उदाहरण नागपूरच्याच मध्यवर्ती कारागृहात घडले. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे जी. एन. साईबाबा बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होते. २०१७मध्ये त्यांना जन्मठेप झाली आणि ५ मार्च २०२४ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. खटल्याच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. सुटकेनंतर त्यांनी जे सांगितले त्यातली एकच गोष्ट आपल्या विषयाची आहे. साध्या देहधर्मासाठीही त्यांना इतर कैद्यांनी उचलून न्यावे लागे. मदतीचा हक्क नसला, की माणूस शेजाऱ्याच्या भलेपणावर जगतो. ते शेजारी भले होते, हा योगायोग.

आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक, आपल्या हातात कायदा नाही, तिजोरी नाही. आपल्या हातात वाचन आहे. ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना चंदूला एक तास द्यावा. महदाइसेचे धवळे शिकवताना ज्याच्या हट्टातून ते आले त्या माणसाबद्दल आणि त्याचा हट्ट पुरवणाऱ्यांबद्दल बोलावे. ‘सेवा’ हा शब्द निबंधात आला, की तिथे निर्णय कोणाचा होता हे विचारावे. आणि परीक्षेच्या दिवशी लेखनिकाला दम देण्याऐवजी त्याचे काम किती अवघड आहे हे एकदा त्याला सांगावे. त्या मुलाला पुढे कुठेतरी कोणाला तरी उचलायचे आहे.

दादा गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्या काव्यवाचनाच्या पुढच्या आठवड्यात दुसरा एक कार्यक्रम होता. ऊन तेवढेच होते. मी ऑटो बोलावली, विचारले, “उचलू का?” त्यांनी आधी खिशाकडे खूण केली. मी कांदा आणून त्यांच्या खिशात ठेवला. मग ते ‘हं’ म्हणाले.